पांढरा पिंपळ

आमच्या स्टुडिओत माणसं सावळी येत आणि गोरी होऊन बाहेर पडत. शनिवार पेठेतला एका खोलीचा स्टुडिओ, मागे डार्करूम, पुढे काचेच्या कपाटात नवरानवरींचे फोटो. वडिलांनी सुरू केलेला, त्यांच्यानंतर मी चालवलेला. पासपोर्टचे फोटो काय, कोणीही काढत असे. पण मुलीचा स्थळांना पाठवायचा फोटो काढायचा असला की लोक लांबून आमच्याकडे येत, कारण आमचं रिटचिंग. निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने बारीक बारीक ठिपके देत गेलं की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळ येते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचे वण आणि मुख्य म्हणजे रंग, हे सगळं वडील पेन्सिलीने नाहीसं करत. मीही तेच शिकलो, आणि माझा हात त्यांच्यापेक्षा हलका होता असं ते स्वतःच चारचौघांत सांगत.

त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईक सांगत नाही, आपण करायचं. मुलीचा बाप तोंडाने 'गोरी करा' म्हणत नाही, त्याला लाज वाटते. आपण न विचारता करून द्यायचं आणि नंतर बोलायचंही नाही. पाकीट उघडून बापाचा चेहरा खुलला की काम झालं. पुढे त्या मुलींचं काय झालं, मुलगा प्रत्यक्ष बघायला आल्यावर काय झालं, ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा मात्र मला या कामाचा अभिमान होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

उदारीकरण म्हणजे काय ते मला वर्तमानपत्रातून कळलं नाही. कोपऱ्यावर अर्ध्या तासात रंगीत फोटो देणारं यंत्र बसलं तेव्हा कळलं. लग्नाचे अल्बम रंगीत झाले, पेन्सिलीची गरज संपली, आणि दुपारी दुकानात मी आणि पंखा असे दोघेच उरलो. त्या रिकाम्या दिवसांत माझा मेहुणा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला आणि येताना माझ्यासाठी फिल्मचे चार रोल घेऊन आला. काय आणू, असं त्याने विचारलं होतं आणि मी एका जुन्या मासिकात वाचलेलं नाव सांगितलं होतं. इन्फ्रारेड फिल्म.

ही फिल्म मोठी नखरेल. डोळ्याला लाल रंगाच्या पलीकडे काही दिसत नाही, पण तिला दिसतं. कॅमेऱ्यात भरायची ती संपूर्ण काळोखात. डार्करूममधला लाल दिवासुद्धा तिला चालत नाही. लेन्ससमोर गडद लाल काच लावायची, फोकस ठरलेल्या जागेवरून जरासा सरकवायचा, आणि उजेड किती धरायचा याचा अंदाज मीटरवर न सोडता आपणच करायचा. उन्हाळ्यात तिला फ्रिजमध्ये ठेवावं लागे. "अहो, हे डबे काय कोथिंबिरीशेजारी ठेवायच्या वस्तू आहेत का?" असं बायकोने एकदाच विचारलं आणि मग कोथिंबीरच हलवली.

पहिला रोल मी स्वारगेटजवळ कालव्याच्या काठावर घालवला. मागे एसट्यांचा धूर, रिक्षांचे भोंगे, कालव्यात पिशव्या आणि निर्माल्य. दुसऱ्या दिवशी दुपारी डार्करूममध्ये कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि चित्र हळूहळू वर येऊ लागलं. आकाश काळं. कालव्याचं पाणी काळं आणि निश्चल, त्यात एकही पिशवी दिसत नव्हती. आणि काठावरची सगळी झाडं पांढरी, पानन् पान आतून पेटल्यासारखं. इतकं शांत पुणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी स्टुलावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. मला रडू येत होतं, आणि का ते कळत नव्हतं. आता कळतं. आयुष्यभर मी एकेका चेहऱ्यावर ठिपके देत बसलो होतो, आणि इथे सबंध जगच रिटच होऊन आलं होतं.

त्यानंतरचं दीड वर्ष मी या एका नादात काढलं. मेहुण्याच्या ऑफिसात कोणी अमेरिकेला निघालं की माझी यादी तयार. टेकड्या झाल्या, नदीकाठ झाला. यातल्याच काही प्रिंट मेहुण्याने कोणाला तरी दाखवल्या आणि हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून मला बोलावणं आलं. इमारत नवीकोरी, अजून रंगाचा वास. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक तरुण मॅनेजर मला स्वागतकक्षातली मोठी कोरी भिंत दाखवत म्हणाला, "सर, इथे काहीतरी ड्रीमी पाहिजे. पण लोकल. म्हणजे इथलीच ग्रीनरी वगैरे."

"यात हिरवं ते पांढरं दिसतं," मी म्हणालो.

"तेच तर! एकदम कूल आहे ते."

हिरवी झाडं पांढरी झाल्यावरच त्यांना ग्रीनरी आवडणार होती. मला काय, मी लगेच हो म्हणालो.

ऑक्टोबरचे दिवस होते, आकाश धुतलेलं. कंपनीच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या तारेपलीकडे, शेजारच्या गावाची हद्द लागत होती. स्कूटर लावून बांधाबांधाने चालत गेलो तर वस्तीच्या टोकाला एक पिंपळ दिसला. रुंद, डौलदार, दोन्ही अंगांनी सारखा भरलेला. त्याच्या सावलीत एक छोटं बुद्धविहार, आणि विहाराची पायरी ओल्या फडक्याने पुसणारे एक गृहस्थ. साठी ओलांडलेले, पांढरा सदरा, खिशाला पेन. मी कॅमेरा काढताना पाहून ते उठून आले आणि आधी नाव-गाव-काम सगळं विचारून घेतलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. कालव्याची पाणीपातळी रोज मोजायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

पिंपळ त्यांच्या वडिलांनी लावला होता. नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्याच पावसाळ्याच्या मागून. "तेव्हा इथं विहार नव्हतं, काही नव्हतं," ते म्हणाले. "वडील म्हणाले, भिंती होतील तेव्हा होतील, आधी बोधिवृक्ष पाहिजे. विहिरीवरून पाणी आणायचं, तर विहिरीचं पाणी आम्हाला कोण देणार? ओढ्यावरून डोक्यावरून आणलं आईनं. दोन उन्हाळे." आता वस्तीतली लग्नं, नामकरणं, मयतानंतरच्या वंदना, सगळं याच झाडाखाली होत होतं. त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हाही माणसं इथेच बसली होती. ते स्वतः सकाळ-संध्याकाळ इथे येऊन बसत.

झाडाच्या पश्चिमेला, अगदी सावलीच्या कडेपर्यंत, जमिनीत लाल डोक्याच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. पलीकडची जमीन एका एजंटमार्फत विकली गेली होती आणि तिथून रुंद रस्ता येणार, असं ते म्हणाले. "झाड आमच्या हद्दीत आहे. सातबारा आहे माझ्याकडे." हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान हलवली, पण माझं लक्ष पानांवर पडलेल्या उन्हाकडे होतं.

सहा फ्रेम घेतल्या. त्यांनी विहारासाठी एक प्रत मागितली. मी आनंदाने कबूल केलं आणि समजावून सांगितलं, "काका, झाड पांढरं येणार हं यात. घाबरू नका."

"पांढरं तर पांढरं. असेल तसं येऊ दे," ते म्हणाले.

दोन दिवसांनी मोठ्या कागदावर पहिली प्रिंट काढली. पूर्वेच्या बाजूला पिंपळ माझ्या मनात होता त्याहून सुंदर आला होता. काळ्या आकाशात पांढऱ्या पानांचा ढीग, खाली विहाराचा छोटासा घुमट. आणि पश्चिमेच्या बाजूला, झाडाचा तिसरा हिस्सा, शाई सांडल्यासारखा काळपट. डोळ्याला ती बाजू हिरवीगार दिसली होती, मी स्वतः पाहिली होती. फिल्म शिळी असेल, विमानतळावरच्या एक्स-रे यंत्रातून गेल्याने बिघडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग उरलेल्या पाच फ्रेम पाहिल्या. पाचही फ्रेममध्ये तेच. मी जागा बदलून उभा राहिलो होतो, तरी काळेपणा त्याच फांद्यांवर होता. फिल्मचा दोष सहाच्या सहा वेळा झाडाच्या त्याच फांद्या कशा शोधून काढेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. पडला होता, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे मी लोकांना पडला नव्हता असं सांगितलं.

प्रश्न पडला आणि मी तो बाजूला सारला. भिंत मोठी होती, कंपनी मोठी होती, आणि चित्र एका बाजूने बिघडलेलं मला सहन होत नव्हतं. हाताला तर सवयच होती. प्रिंट काढताना त्या बाजूवर पुठ्ठ्याची सावली धरून ती उजळ केली. तेवढ्याने भागेना म्हणून प्रिंटवरचा काळेपणा खाणारं रिड्यूसरचं पिवळं पाणी कापसाच्या बोळ्याने फांदी फांदीवर फिरवलं, धुतलं, पुन्हा फिरवलं. दोन प्रतींना तीन दिवस लागले. शेवटी पिंपळ दोन्ही अंगांनी सारखा पांढरा झाला. कुठे हात फिरलाय ते मलाही भिंगाखाली शोधावं लागलं असतं. वडील असते तर पाठीवर थाप पडली असती.

कंपनीत चित्र लागलं त्या दिवशी तिथल्या मुलामुलींनी ते डोक्यावर घेतलं. "कुठला स्नो आहे हा? शिमला?" असं एकीने विचारलं. मी खिडकीतून बोट दाखवून म्हणालो, "ते काय, तुमच्या पार्किंगच्या मागे." तिने वळून पाहिलं नाही, तिला मी चेष्टा करतोय असं वाटलं.

दुसरी प्रत फ्रेम करून विहारात नेली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "वडिलांनी बघायला पाहिजे होतं हे." फ्रेमच्या मागे त्यांनी खिशातल्या पेनाने फोटो काढल्याची तारीख लिहिली, खात्यातल्या वळणदार अक्षरात. मी सुखाने घरी आलो.

थंडीत पिंपळाची पानं गळायला लागली आणि मार्चपर्यंत झाड रिकामं झालं. ती दर वर्षीच गळतात, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. एप्रिलमध्ये तांबूस पालवी फुटली ती फक्त पूर्वेकडे, आणि तीही पंधरवड्यात मलूल होऊन लोंबू लागली. हे मला काकांकडून कळलं. मेच्या एका दुपारी घामाने भिजलेले ते दोन बस बदलून स्टुडिओत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कोणीतरी झाडाला औषध घातलं हो."

मुळाशी, पश्चिमेकडून, बोटभर रुंदीची पाच भोकं सापडली होती. आतपर्यंत यंत्राने पाडलेली, वरून चिखलाने लिंपून टाकलेली. आत काय ओतलं ते ओतणाऱ्याला माहीत. आता जमिनीच्या एजंटने अर्ज केला होता की झाड रोगाने वाळलंय, धोकादायक आहे, तोडायची परवानगी द्यावी. सरकारी साहेब पंचनाम्याला येणार होते. "मी साहेबांना सांगणार आहे, रोग कसला? गेल्या ऑक्टोबरात झाड ठणठणीत होतं. फोटो आहे, मागं तारीख आहे. तुम्ही फक्त येऊन सांगायचं, फोटो मी काढला म्हणून. मग त्यांना चौकशी करावीच लागेल. तोवर झाडाला हात लावता येणार नाही, आणि तेवढ्या वेळात आपण जगवू. पूर्वेकडून एक फांदी अजून ओली आहे."

मी हो म्हणालो.  शेतकी कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक आमचं जुनं गिऱ्हाईक होते, त्यांच्याकडे मी सहाही निगेटिव्ह घेऊन गेलो. त्यांनी त्या खिडकीवर धरल्या आणि मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, "हे झाड या बाजूने मरायला लागलंय." निरोगी पान हा न दिसणारा प्रकाश परत फेकतं, म्हणून पांढरं दिसतं. पान आतून ढासळायला लागलं की फेकत नाही. डोळ्याला ते पुढे कित्येक आठवडे हिरवंच दिसू शकतं.

"तेव्हाच कळलं असतं तर?"

"भोकं मोकळी करायची, आजूबाजूची माती काढायची, धुऊन काढायचं, त्या बाजूची मुळं छाटायची. पिंपळ चिवट असतो. खात्री कोण देणार, पण वाचण्यासारखं होतं. का, तुम्ही दाखवलं नाहीत का कोणाला?"

"मला वाटलं फिल्म खराब आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला.

पंचनाम्याच्या दिवशी मी तासभर आधी पोचलो. काका पायरीवर बसले होते, मांडीवर ती फ्रेम. मी शेजारी बसलो, निगेटिव्ह काढली, त्यांच्या हातात दिली आणि उन्हाकडे धरायला लावली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, हे सांगितलं. जिथे काळं आहे तिथे पान जिवंत, जिथे कोरं आहे तिथे नाही. त्यांनी ती फ्रेमशेजारी धरून पाहिली. पाणीपातळी वाचणारे डोळे होते ते, दोन मिनिटांत त्यांना फरक सापडला.

"फोटोत ही बाजू पांढरी आहे."

"मी केली."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"वाईट दिसत होती," मी म्हणालो. 

त्यांनी फ्रेम पालथी करून मागची तारीख वाचली. मी घाईघाईने सुचवलं की निगेटिव्ह मी खिशातच ठेवतो, आपण फक्त प्रिंट दाखवू. झाड ठणठणीत होतं असं मी लिहून देतो, सही करतो. कोणाला काही कळणार नाही. काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "कालव्यात पाणी कमी सोडलं की आमचा साहेब म्हणायचा, वहीत चार बोटं जास्त लिही. मी नाही लिहिलं कधी. बदल्या झाल्या, तरी नाही लिहिलं. आता झाड माझं आहे म्हणून लिहू?"

साहेब आले, एजंट आला. काकांनी स्वतःच्या हाताने फ्रेम आणि निगेटिव्ह, दोन्ही साहेबांपुढे ठेवलं आणि जे खरं होतं ते सांगितलं. विष ऑक्टोबरातच घातलेलं होतं, निगेटिव्ह त्याचाच पुरावा आहे, असं ते सांगत होते. साहेबांनी निम्मंच ऐकलं. "म्हणजे झाड आधीपासूनच आजारी होतं."

"त्येच तर म्हणतोय ना साहेब मी," एजंट म्हणाला. "रोगट हाय ते. उद्या पोराबाळांच्या अंगावर पडलं म्हंजी?"

मी मध्ये पडलो, भोकांकडे बोट दाखवलं. साहेबांनी मला विचारलं, या फोटोत हाताने बदल केलाय ना? केलाय. मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावर मी कसा विश्वास ठेवू? त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. पंचनाम्यात तीन वाक्यं आली: झाड मागील वर्षापासून रोगग्रस्त होते, भोके कोणी व केव्हा पाडली याचा पुरावा नाही, छायाचित्रात फेरफार केल्याचे छायाचित्रकाराने कबूल केले. मी खाली सही केली. काकांनीही वाचून सही केली, फक्त दुसऱ्या वाक्याला आपली हरकत आहे असं वळणदार अक्षरात लिहून.

परवानगी आठवड्यात आली. झाड दोन दिवस तोडत होते. मी दुसऱ्या दिवशी गेलो, न जाण्याची हिंमत झाली नाही म्हणून. वस्तीतल्या बायका विहाराच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि यंत्राच्या आवाजात त्यांचं रडणं ऐकू येत नव्हतं, फक्त तोंडं दिसत होती. विहारावर पहिल्यांदाच सरळ ऊन पडलं होतं. शेवटचा ओंडका ट्रॅक्टरवर चढल्यावर काका आत गेले, भिंतीवरची फ्रेम काढून आणली आणि माझ्या हातात दिली.

"काका, माझं चुकलं," मी म्हणालो. 

ते शिव्या देतील असं मला वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते जमिनीकडे पाहत, मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "अहो, मोठं काही करायचं नव्हतं. तुम्हाला ती बाजू काळी दिसली त्या दिवशी एक पोस्टकार्ड टाकायचं. झाडाकडं बघा, एवढंच. मी बघितलं असतं. मी रोज त्याच्याखालीच तर बसत होतो."